त्र्याऐंशीव्या दिवशी आलेली तक्रार

आमच्या चॅनेलवर काय दाखवायचं हे ठरवणारे लोक वेगळे होते. काय दाखवायचं नाही, ते बघायला मी होते. सॅटेलाइटवर चॅनेल चालवायला सरकारची परवानगी लागते, आणि ती टिकवायची तर नियम पाळावे लागतात. पडद्यावर सिगारेट दिसली की खाली इशारा हवा, जाहिराती ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त नकोत, जे दाखवलं त्याचं रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपायचं. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळच्या त्या ऑफिसात मी हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचे. सहकारी पाठीमागे मला 'सासूबाई' म्हणत. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नियमाप्रमाणे चॅनेलला एक तक्रार निवारण अधिकारी लागतो. ते घोंगडंही माझ्याच गळ्यात पडलं. तक्रार आली की चोवीस तासांत पोच द्यायची, पंधरा दिवसांत निर्णय. तक्रारी तरी कसल्या, तर मालिकेतली सून फारच सोसते, नाहीतर जाहिरातीचा आवाज मोठा लागतो. मी प्रत्येकाला नीट उत्तर पाठवायचे.

एका सकाळी कल्याणजवळच्या मोहन्याहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी, हातात प्लॅस्टिकची फाइल. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी काढली होती. ती टीव्हीवर दाखवून आम्ही तिला बोगस म्हटलं, असं पालक सांगत होते. मुलं एकेक करून यायची बंद झाली होती. बाईंनी स्वतः तो कार्यक्रम पाहिलाच नव्हता.

"मॅडम, मी भांडायला नाय आलीय," त्या म्हणाल्या. "नक्की काय दाखवलंत ते एकदा बघू द्या. उगाच कोणावर आळ नको."

त्यांच्यावर आळ आलेला, आणि काळजी कसली, तर दुसऱ्यावर येऊ नये. मला ओशाळल्यासारखं झालं. तारीख विचारून मी दिवस मोजले. त्र्याऐंशी भरले होते. नव्वद झाले की मशीन आपोआप रेकॉर्डिंग पुसून टाकतं.

मी तो भाग लावला. मुलांना शाळेत घालताना काय बघावं, असा सल्ल्याचा कार्यक्रम होता. परवानगी नसलेल्या शाळांपासून सावध राहा, असं निवेदिका सांगत होती आणि मागे एक निळं दार, दारावर बदकाचं चित्र, वर बालवाडीची पाटी. नाव स्वच्छ वाचता येत होतं. कॅमेरामनने रस्त्याने जाता जाता कुठलीशी शाळा म्हणून टिपलेलं दृश्य होतं ते. फाइल उघडून बाईंनी नोंदणीचा कागद माझ्यासमोर ठेवला, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला.

कार्यक्रम तपासल्याचा कागद मी काढला. खाली सही माझीच. मी सिगारेट शोधली होती, शिवी शोधली होती, जाहिरातीची मिनिटं मोजली होती. पाटीवर कोणाचं नाव आहे ते वाचलं नव्हतं, कारण तसा रकानाच कागदावर नव्हता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, आणि एवढी मोठी चूक माझ्या नाकाखालून गेली. मला स्वतःची चीड आली.

बाईंच्या अर्जावर मी तिथल्या तिथे आवक शिक्का मारला. शिक्का बसला की कागद ऑफिसात आला, मग तो कोणाला गिळता येत नाही. तक्रार मिटेपर्यंत रेकॉर्डिंग ठेवायचं, असं मशीन सांभाळणाऱ्याला लेखी कळवलं.

दुपारी मालकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिल्लीत पडून होता आणि ते फोन वाजला तरी दचकायचे. सात दिवसांनी रेकॉर्डिंग तसंही जाणार होतं, तोवर शिक्का थांबवता आला असता, असं त्यांनी आडून आडून सुचवलं.

"सर, शिक्का बसलाय," मी म्हटलं. "आणि चूक माझी आहे. निर्णयात तसंच लिहिणार आहे."

त्यांनी पेपरवेट दोनदा फिरवला आणि टीव्हीवरची माफी किती सेकंदांची लागेल, ते विचारलं. पडद्याखाली पळणारी ओळ मला चालणार नव्हती. त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, निवेदिकेच्याच तोंडून हवी, यावर मी अडून बसले. आमच्या ऑफिसात सासूबाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं.

निर्णयाची प्रत पोस्टाने गेली असती. पण मी स्वतः मोहन्याला गेले, कार्यक्रम लागायच्या अर्धा तास आधी. बाईंनी गल्लीतल्या सगळ्यांना निरोप धाडला होता. मुलांच्या बुटक्या बाकांवर आया गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, दोघी-तिघी दाराबाहेरच उभ्या. मी कोण ते बाईंनी सांगितल्यावर सगळ्या माझ्याकडे वळून बघू लागल्या. मला वर मान करवेना.

टीव्हीवर निवेदिका आली. आम्ही दाखवलेल्या बालवाडीची नोंदणी पक्की आहे, तिचं दृश्य चुकीच्या जागी वापरलं, त्याबद्दल आम्ही बालवाडीच्या शिक्षिकेची आणि पालकांची माफी मागतो, असं तिने सांगितलं. शब्द मीच लिहून दिले होते. मग तेलाची जाहिरात लागली.

दाराबाहेर उभ्या असलेल्यांपैकी एक आई पुढे झाली. कडेवर मुलगा. सगळ्यात आधी तिनेच मूल काढून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

"टीचर," ती खाली बघत म्हणाली, "उद्या किती वाजता आणू याला?"

बाईंनी पुढे होऊन मुलाच्या शर्टाचं उघडं बटण लावलं.

"साडेनवाला," त्या म्हणाल्या. "आणि डब्यात चपाती-भाजी दे. बिस्किटं नको."