हळदीच्या सरीतले डॉक्टर

खिल्लारे डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या हळदीच्या सरीत पालथे पडलेले होते. मला वाटलं, पिऊन पडलाय कुणी. कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोण हायेस रे? जिवंत हायेस का मेलास?"

खालून आवाज आला, "जिवंत हाय मावशी. जरा बाजूला सरका, तुमची सावली फुलावर पडून राहिली."

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात ते ढोरांचे डॉक्टर म्हणून आले होते. अंगाने काटकुळे, गळ्यात कॅमेरा, पँटचे दोन्ही गुडघे कायम चिखलाचे. लोक म्हणायचे, डॉक्टर म्हशीकडे कमी आणि फुलाकडे जास्त बघतो. हे खोटं. म्हशीकडेही ते तसंच बघायचे, हातातला चहा गार होईपर्यंत.

हळदीला फूल येतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत, पण बघत कुणी नाही. पानांच्या गर्दीत पांढरट दांडा निघतो आणि त्याच्या द्रोणासारख्या पाकळांमधून नखाएवढी पिवळी फुलं. आम्ही ते दांडे मोडून टाकतो. दांडा खातो ते गड्ड्याला मिळत नाही, असं माझी सासू म्हणायची, मीही म्हणते. डॉक्टर हात जोडायचे, "मावशी, एवढी एक ओळ राहू द्या." "ओळ काय तुमच्या बापाची हाय?" असं म्हणून मी ती ओळ राहू द्यायची.

फोटो काढताना त्यांचं तोंड चालू असायचं. "फूल मधोमध बसवलं की आधार कार्डावरचा फोटो होतो, मावशी." किंवा, "फुलाच्या आधी फुलाच्या मागं बघावं." मागे ठिबकची नळी दिसली की ती मी उचलायची. एकदा बांधावर वाळत घातलेलं माझं लाल लुगडं काढायला लावलं. मी म्हटलं, "उद्या मलाबी काढा वावरातून." ते म्हणाले, "तुमी फोटोत न्हाई, तवर चालतं."

त्यांची खरी धडपड निराळी होती. इतक्या जवळून फोटो काढला की पुढची पाकळी स्वच्छ येते, मागची धुक्यात जाते. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून, केसभर पुढे सरकवत फोटोमागून फोटो घ्यायचे. मग कॉम्प्युटरवर प्रत्येकातला स्वच्छ तुकडा उचलून एकच फोटो जोडायचा.

"तुमी वाकळ शिवता ना, तसंच," ते म्हणाले.

"वाकळीला टाका दिसतो की."

"इथं टाका दिसला की मी नापास."

ते नेहमीच नापास व्हायचे. मधेच वारा यायचा, फूल हलायचं. हळदीचं एक फूल तरी मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ मिळावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. तेवढ्यात बदली आली, तीही समुद्राकाठच्या तालुक्यात. तिथे कुठली हळद?

निघायच्या आदल्या सकाळी ते वावरात आले, तर कामावरच्या नव्या बायांनी राखलेल्या ओळीसकट सगळे दांडे मोडलेले. ती ओळ राखायची हे बायांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर सरीत उकिडवे बसले. शेवटी बांधाकडेला एक दांडा सापडला. त्यावर उमललेलं फूल एकच, तेही दुपारी मान टाकणारं. आणि वारा सुटलेला.

मी बायांना हाक मारली. "मोडलंत तुमी, आता धरा!" बांधावर वाळणारं माझ्या मालकाचं धोतर चौघींनी वाऱ्याच्या बाजूने ताणून धरलं. डॉक्टरांनी सुरू केलं. कॅमेरा केसभर सरकवणारी तिपाईवरची चक्री किंचित फिरवायची, श्वास रोखायचा, बटण दाबायचं. निम्मं झालं असेल, तोच शेजारचा गंगाधर ओरडत आला, "डॉक्टर, म्हैस अडली! रेडकाचा एकच पाय भाईर हाय!"

डॉक्टर उठले. फुलाकडे वळूनही पाहिलं नाही. "राहू द्या मावशी," म्हणत पळाले.

मला काही राहू देणं जमत नाही. मी सरीत बसले आणि चक्री फिरवली.

"म्हातारे, मोडशील ते!" धोतर धरलेली शांता म्हणाली.

"तू धोतर धर. बोलू नको, वारा होतो."

डॉक्टर परत आले ते कोपरापर्यंत भरलेले, हसत. "वगार झाली! दोघी बऱ्या हायेत."

"आमचंबी झालं," मी म्हटलं. त्यांचं हसू गेलं.

आमच्या घरी ओट्यावर खुर्ची टाकून त्यांनी फोटो जोडला. फूल आलं, पार आतल्या केसापर्यंत स्वच्छ. आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग! डॉक्टर बघत राहिले. मग असे हसायला लागले की खुर्ची करकरली. मुंगी एकच होती. मी फोटो घेत होते, ती चालत होती. दर फोटोत पुढच्या जागी.

"मावशी, मुंगी दिसली न्हाई का तुमाला?"

"दिसली की. फूल हलू देऊ नका, म्हणला होता तुमी. मुंगीचं काय बोलला न्हाई."

डोळे पुसत ते म्हणाले, "पुसून टाकता येतात. काढू?"

"काहून? गेलीच होती ती तिथनं. खोटं थोडंच हाय?"

त्यांनी मान तिरपी करून पुन्हा पाहिलं. "कोपऱ्यातून निघून फुलात जाते रांग. मी मांडलं असतं तर इतकं बराबर जमलं नसतं." आणि कॉम्प्युटर मिटला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना काच लावून आणलेला तो फोटो माझ्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावून गेले. नवी कुणी घरी आली की म्हणते, "लई मुंग्या लागल्यात गं फुलाला."

मी सांगते, "एकच हाय. कामाला चाललीय."