आधी हवा, मग बटण

तोरहिल एलर्टसेन रागावली की आवाज चढवत नाही. ती समोरच्याला पूर्ण नावाने हाक मारते. आमच्या बेटावर सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच बोलावतात, डॉक्टरलाही. त्यामुळे तोरहिलच्या तोंडून आपलं आडनाव ऐकलं की माणसाने काय ते समजून घ्यावं.

बेटावर टॅक्सी एकच, तिची. नवरा कॉड मासे पकडायला गेला तो परत आला नाही. तेव्हा तिने बोटीतला त्याचा हिस्सा विकून गाडी घेतली. इकडे उत्तर नॉर्वेत शिव्या हे बोलण्यातलं मीठ आहे. पण गाडीत ती प्रवाशाला शिवी देऊ देत नाही, कारण, तिच्या मते, रस्ता ऐकत असतो. तिचा ठरलेला प्रवासी म्हणजे म्हातारा आर्नुल्फ. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. रक्त धुऊन घ्यायला त्याला आठवड्यातून तीनदा घाटापलीकडच्या हॉस्पिटलात जावं लागतं. वादळ असो, बर्फ असो, तोरहिल त्याला नेते. त्याचं जगणं त्या टॅक्सीच्या चार चाकांवर आहे, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबरात उन्हाळी चाकं काढून बर्फावर न घसरणारी, खिळ्यांची हिवाळी चाकं चढवायची असतात. त्यासाठी आमच्याकडे कोणी गॅरेजात जात नाही. फुटबॉल क्लबचं श्रमदान असतं. मुलांचे आईबाप अग्निशमन केंद्राच्या आवारात जमतात, गाड्या रांगेने येतात, एकीकडे वाफल, जाळीदार गोड घावनच ते, भाजले जातात. श्रमदानाचा एकच नियम: फुकट राबणाऱ्याला बोल लावायचा नाही. कॉफी जळकी असली तरी म्हणायचं, छान झाली.

त्या वर्षी मी जॅकने गाड्या उचलून देत होतो. तोरहिलच्या गाडीची चाकं बदलून झाली. ती आवारात एक फेरी मारून परत आली, कारण स्टिअरिंगमागे पिवळा दिवा पेटला होता.

"हवा कमी दाखवतोय," ती म्हणाली.

क्लबचा अध्यक्ष रुआर खिडकीतून आत वाकला. "अगं, चाकं बदलली की पेटतोच तो. थंडीचंही नाटक असतं त्याचं." त्याने दिव्याखालचं बटण दाबून धरलं. दिवा विझला. "बघ, बरा झाला."

"हवा मोजलीस?"

"मोजली की." रुआरने मागच्या चाकाला लाथ मारली. रांगेतले लोक हसले. तोरहिलने वाफल घेतला, त्यावर मुरंबा लावला आणि छान झालाय म्हणून सांगितलं.

ते बटण दिवा विझवण्यासाठी नसतंच. ते दाबलं की गाडी त्या क्षणी चाकांत जेवढी हवा असेल तेवढीच योग्य धरते आणि पुढे त्याच्याशीच तुलना करते. त्यामुळे भरलेल्या चाकांवर दाबलं तर ठीक. उन्हाळाभर शेडमध्ये पडून मऊ झालेल्या चाकावर दाबलं, तर गाडीला मऊपणाच बरोबर वाटतो.

पुढच्या आठवड्यात आर्नुल्फला नेताना घाटातल्या वळणावर टॅक्सीची मागची बाजू सुटली. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाली फ्योर्डचं खोल पाणी. तोरहिलने गाडी कशीबशी कठड्याला टेकवून थांबवली. उतरून पाहिलं तर मागचं उजवं चाक अर्धं बसलेलं. दिवा मात्र विझलेलाच. गारांच्या माऱ्यात तिने डिकीतल्या पंपाने हवा भरली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत आर्नुल्फची वेळ निम्मी संपली होती आणि त्याच्यामागे दुसरा पेशंट थांबला होता. दुसऱ्या दिवशी आर्नुल्फचे पाय सुजले. जिना चढताना त्याला धाप लागली.

क्लबच्या सभेत रुआर आभार मानत होता, तेव्हा तोरहिल उठली.

"रुआर ब्रेकहुस, तू बटण दाबलंस तेव्हा माझ्या चाकात हवा किती होती?"

"आता ते कसं आठवणार?"

"आठवायला आधी मोजावी लागते."

"फुकट राबायचं आणि वर बोलणी खायची," रुआर लाल होऊन म्हणाला. "पुढच्या वेळी गॅरेजात जा."

"आणि बाकीच्यांनी? दिवा सांगत होता, हवा कमी आहे. तुम्ही त्याचा गळा दाबलात आणि म्हणालात, बरा झाला. किती गाड्यांत हेच करून ठेवलंयत?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पण आर्नुल्फला काही झालं नाही ना?"

"त्याचं अर्धंच रक्त धुतलं गेलं. तू अर्धी अंघोळ करून लग्नाला जातोस का?"

कोणी हसलं नाही. हिवाळाभर दुकानात लोक तिच्याशी फक्त हवामानावर बोलले. आर्नुल्फसुद्धा एकदा गाडीत म्हणाला, "सोड ना आता. तुझ्यापायी मला वाफल मिळायचे बंद होतील."

"तुझ्यासाठीच भांडतेय मी."

"माझ्यासाठी गाडी चालव. भांडतेस ती स्वतःशी."

घाट उतरल्यावर ती म्हणाली, "मी विचारलं होतं रे त्याला. विचारलं, आणि मग वाफल खाल्ला."

ईस्टरनंतर खिळ्यांची चाकं काढायचा दिवस आला. तोरहिल सर्वांत आधी आली. आपली चाकं बदलून झाल्यावर तिने टॅक्सी फाटकात आडवी लावली आणि हवेचं मीटर घेऊन उभी राहिली. पंपही आणला होता.

"हवा मोजल्याशिवाय एकही गाडी बाहेर जाणार नाही. आणि त्याआधी बटणाला कोणी हात लावायचा नाही."

"तुला कोणी बोलावलंय?" रुआर म्हणाला.

"श्रमदानाला बोलावणं कधीपासून लागतं? फुकट राबतेय मी, रुआर ब्रेकहुस. मला बोल लावू नकोस."

रुआरने पुढच्या गाडीला हात केला. रांग पुढे सरकू लागली. प्रत्येक चाकापाशी ती गुडघ्यावर बसायची, आकडा मोठ्याने सांगायची, कमी असेल तर हवा भरायची आणि मगच म्हणायची, "हं, दाब आता." कोणी आभार मानले की पुढच्या गाडीकडे वळायची.

शेवटी रुआरची गाडी आली. पुढचं डावं चाक बरंच मऊ होतं. तिने आकडा दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा वाफलच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा. हवा भरून झाली. रुआरने बटण दाबलं आणि तिच्यासाठी एक वाफल घेऊन आला.

"ठेव तिथे," ती मीटर पुसत म्हणाली.

तिने तो खाल्ला नाही. फाटकात आडव्या लावलेल्या टॅक्सीत आर्नुल्फ बसला होता. त्याने काच खाली केली आणि वाफलसाठी हात पुढे केला.