पट्टीखालची नावं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाई आपल्या स्लाइडवरची नावं स्वतःलासुद्धा वाचू देत नसत. मी ती वाचली.

आमच्या संस्थेत बाकी सगळ्या ‘मॅडम’ होत्या, ‘बाई’ ह्या एकट्याच. त्यांचा विषय मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. पिल्लाचा मेंदू घडत असताना या पेशी मज्जापेशींमधले नको असलेले जोड खाऊन टाकतात. “मेंदू नुसता बांधून होत नाही, छाटावा लागतो,” असं त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. गरोदर उंदरीण आजारी पडली तर पिल्लांमधल्या या पेशी जास्त खादाड होतात का, हा एकच प्रश्न त्यांनी उमेदीची वर्षं धरून ठेवला.

मोजणीची रीत ठरलेली. मेंदूच्या कापाची कुठली स्लाइड आजारी आईच्या पिल्लाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. दुसऱ्याने नावावर कागदी पट्टी चिकटवायची, मगच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. मी एकदा म्हणालो, “बाई, प्रयोग आपला, मग आपल्यापासून काय लपवायचं?”

“आपल्यापासूनच लपवायचं. परक्याला काय पडलंय?”

कुणी “रिझल्ट चांगला आला” म्हटलं की लगेच, “अहो, आला म्हणा. चांगला कशाला? पेशींना तुमची पीएचडी ठाऊक नाही.”

मी त्यांचा पहिला विद्यार्थी. एका दुपारी नखाने पट्ट्या उचलून पाहिल्या. खोटा आकडा मी लिहिला नाही. पण काही पेशी धड खादाड दिसत नाहीत, धड शांतही नाहीत. त्या कुठे धरायच्या, हे मोजणाराच ठरवतो. नावं कळल्यावर त्या सगळ्या बाईंच्या बाजूला गेल्या. बाई खऱ्या ठराव्यात, असं मला फार वाटत होतं.

त्या मोजणीवरच्या शोधनिबंधाने बाईंचं नाव झालं. पुढे एका विद्यार्थिनीने तोच प्रयोग पुन्हा केला. फरक दिसला नाही. बाईंनी निबंध मागे घेतला आणि भर बैठकीत सांगितलं, “मोजणी माझ्या प्रयोगशाळेतली, चूक माझी.” संध्याकाळी मला फोन.

“अहो, पट्ट्या लावल्या होत्या ना तेव्हा?”

“हो, बाई.”

“मग दुसरंच काहीतरी असणार.”

निवृत्तीपर्यंतची वर्षं त्यांनी ते ‘दुसरं काहीतरी’ शोधण्यात घालवली. पेशी रंगवायचे रंग बदलून पाहिले, उंदरांची जात बदलून पाहिली. नवा प्रश्न हातात घेतलाच नाही. मी वाघोलीच्या कॉलेजात मुलांना झाकून मोजायला शिकवतो. बरं शिकवतो, असं म्हणतात.

आता बाई बिबवेवाडीत असतात. डोळे अधू झालेत. गेल्या आठवड्यात फोन आला. “त्या वर्षी उंदरांचं खाद्य बदललं होतं का हो? आठवून बघा जरा.”

“बघतो,” म्हणालो.

खाद्य बदललं नव्हतं. काहीच बदललं नव्हतं. हे बाईंना सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.