दाजी कॉम्प्युटर शिकतात

आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्याने तिथले की-बोर्ड गंजतात, माऊस अडतात. किस्से मात्र एकही गंजत नाही. मी तिथे बेसिक कॉम्प्युटर शिकवते. वर्ड, एक्सेल, ई-मेल, पॉवरपॉइंट, एवढंच. एवढ्यात सांगण्यासारखं काय असणार? पण लग्नात, बारशाला, एसटीत कोणी ओळखीचं भेटलं की पहिली फर्माईश, "मॅडम, दाजींचं ते सांगा ना!" आणि 'ते' म्हणजे नेमकं कुठलं, हे मलाच उलट विचारावं लागतं.

दाजी आमच्या कॉलेजचे शिपाई. केस पिकलेले, इस्त्रीचा शर्ट, आवाज दणदणीत. आमचे क्लार्क रिटायर होणार होते आणि प्राचार्यांनी दाजींना सांगून टाकलं होतं, "या बॅचबरोबर कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मिळवा, जागा तुमची. नापास झालात तर मी बाहेरून माणूस घेणार."

पहिल्या दिवशी दाजी लॅबमध्ये आले ते चपला बाहेर काढून. मला हळूच म्हणाले, "बाय, माका पगाराचा काय नाय. माका खुर्ची होयी. सगळो जलम लोकांच्या दारात उभो रवान गेलो."

मला भरून आलं. पुढच्याच मिनिटाला त्यांनी माऊस उलटा धरला आणि बाण भलतीकडे पळतो म्हणून त्या माऊसला अशी शिवी हासडली, की भरून आलेलं सगळं ओसरलं.

* * *

दाजींच्या शेजारी बसायची एफवायची एलिझा. उशिरा आली की दाजी तिला गेटवर अडवायचे, त्यामुळे आता त्यांच्या चुका काढताना तिला वेगळंच सुख मिळायचं.

एकदा दाजींचं अकाउंट उघडेना. पुन्हा पुन्हा 'पासवर्ड चुकीचा'.

"दाजी, पासवर्ड काय ठेवलाय? मी टाकून बघते," मी म्हटलं.

दाजींचे कान लाल.

"सांगा ना, दाजी. आम्ही कोणाक सांगणव नाय," एलिझा म्हणाली.

दाजींनी मान खाली घातली. मागच्या रांगेतून सुनंदामावशी ओरडली, "अगो, घरकारणीचा नाव ठेवल्यान आसात! तो कसो सांगतलो?"

तेच होतं. आमच्याकडे दाजींच्या पिढीतला माणूस बायकोचं नाव असं सहज तोंडाने घेत नाही. मग पोरींनी उखाण्याचा हट्ट धरला. दाजी उठून उभे राहिले, घसा खाकरला:

"शहाळा काढलंय माडावयला, पाणी दिलंय पावण्याक,
सुमतीचा नाव घेतंय, कॉम्प्युटर उघडण्याक."

टाळ्या पडल्या, कॉम्प्युटर उघडला. मी म्हटलं, "दाजी, आता सगळ्यांना कळलं. हा बदलावा लागेल."

दाजींचा चेहरा पडला. "बदलू? ह्या वयात? आणि घराकडे काय सांगू?"

* * *

ती सुनंदामावशी म्हणजे सकाळी बाजारात मासे विकून दुपारी कोर्सला येणारी. तिच्या बचत गटाचं काम तिला कॉम्प्युटरवर आणायचं होतं. आमच्या बाजारात छोटे मासे वजनावर नाही, वाट्यावर विकतात. पाटीसमोर ढीग मांडायचे, एक ढीग म्हणजे एक वाटा.

एक्सेलच्या दिवशी मी सांगितलं, पहिल्या रकान्यात माल, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात दर, चौथ्यात फॉर्म्युला. मावशीने बांगडे घातले, पेडवे घातले, वाटे घातले. दराचा रकाना कोरा.

"मावशी, दर घाल."

"गिऱ्हाईक खंय आसा?"

"गिऱ्हाईक कशाला?"

"तोंड बघल्याशिवाय दर कसो सांगू?"

मी तिला समजावलं, की कॉम्प्युटरला एकच दर लागतो. तिने माझ्याकडे फार कीव करत पाहिलं. म्हणाली, "गावच्या माणसाक एक, मुंबयकाराक एक. असो कायदो आसा."

दाजींनी मान वर केली. "आणि आमच्या मॅडमक गो?"

"मॅडमक मुंबयकाराचोच," मावशी शांतपणे म्हणाली. "तेंका कळना नाय."

मी जन्माने मालवणची. लग्न होऊन गेले तेही मालवणातच. त्या दिवसापासून मासे आणायला मी नवऱ्याला पाठवते.

* * *

ई-मेलच्या धड्याला प्रत्येकाने प्राचार्यांना एक मेल पाठवायचा होता. दाजींनी एका बोटाने मजकूर टाइप केला, सेंड दाबलं, शर्ट नीट केला आणि दाराकडे निघाले.

"दाजी, खंय चललास?" एलिझाने विचारलं.

"मेल पोचवूक."

आणि खरंच प्राचार्यांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. "सायबानू, टपाल इला हा. बघून घेवा." प्राचार्य फोनवर होते. दाजी हलले नाहीत. शेवटी प्राचार्यांनी मेल उघडला. आत एकच ओळ, 'उद्या मला रजा मिळावी.'

"अहो दाजी, इथपर्यंत आलात तर तोंडानेच सांगायचं ना!"

"तोंडान सांगितल्याचो पुरावो खंय रवता, सायबानू?"

* * *

टायपिंगची तर वेगळीच गंमत. दाजी आमचे विद्यार्थी होते, पण कॉलेजची घंटाही तेच द्यायचे. त्यामुळे स्पीड टेस्ट रंगात आली की तास संपायचा आणि दाजी अर्धं वाक्य टाकून घंटेकडे पळायचे. परत येईपर्यंत वेळ संपलेला. एकही टेस्ट पुरी होईना. "अशान मी नापास जातलंय," म्हणून ते रडकुंडीला आले.

एक दिवस मात्र ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे आपापल्या कामात. घड्याळाकडे कोणाचंच लक्ष नाही. बाहेर सगळं कॉलेज वर्गात अडकून पडलेलं. अर्थशास्त्राच्या सरांचा धडा संपला, उजळणी संपली, मग त्यांनी स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी सांगायला घेतल्या. पोरं खिडकीतून हात बाहेर काढून खुणा करायला लागली. अखेर प्राचार्य स्वतः लॅबच्या दारात.

"दाजी, घंटा?"

दाजींनी मान वळवली नाही. बोट की-बोर्डवर तसंच. "थांबा सायबानू, शेवटची वळ आसा."

त्या दिवशी त्यांची टेस्ट पुरी झाली. कोर्समधून नाव काढायच्या गोष्टी प्राचार्य करत होते, ते मीच कसंबसं सांभाळून घेतलं.

* * *

आणि मग परीक्षा. ओरोसहून बाहेरचे परीक्षक आले. चष्मा, काळे बूट, बोलणं एकदम पुस्तकी. चहा विचारला तर म्हणाले, "परीक्षाकाळात मी काहीही घेत नाही." लॅबमधला पंखासुद्धा हळू फिरायला लागला.

वर्ड झालं, एक्सेल झालं. दाजींचं बरं चाललं होतं. राहिलं प्रेझेंटेशन. विषय 'आमचे कॉलेज', आणि स्लाइड दाखवत उभं राहून बोलायचं. दाजींच्या स्लाइड छान होत्या, सगळ्या स्वतः केलेल्या. भाषणही आम्ही पाठ करून घेतलं होतं, शुद्ध मराठीत.

"नमस्कार. माझ्या प्रेझेंटेशनचा विषय..." दाजी म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "विषय..." घाम फुटला. पुढचं काही येईना. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पेन उचललं. "ठीक आहे. पुढच्या उमेदवाराला बोलवा."

गेली ती खुर्ची, असं माझ्या मनात आलं.

दाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, स्क्रीनसमोर हात जोडले. दाजींच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आहे. गावासाठी एकेक मागणं ते मोठ्याने मागतात आणि जमलेला गाव साथ देतो. तोच दणदणीत आवाज लॅबमध्ये घुमला.

"बा देवा म्हाराजा! ही आमची कॉलेजाची इमारत. पावसात गळता, तरी उभी आसा. तिका अशीच उभी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी पुटपुटलं. एलिझाने पुढे होऊन स्लाइड बदलली.

"ही लायब्ररी. पुस्तकां बरीच आसत, वाचणारे थोडे. तेंका वाचूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आता चार-पाच आवाज.

"ही आमची लॅब. परीक्षा संपासर हयसरची लाइट जाव नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळी बॅच. सुनंदामावशी तर हात जोडून उभीच राहिली.

परीक्षकांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. कोणाची आता तोंड उघडायची छाती नव्हती, माझीही नाही. दाजींचे डोळे मिटलेले, त्यांना यातलं काही कळलं नाही. शेवटची स्लाइड आली.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक चार लोकांत बोलूक येना नाय. पण केल्यान ता सगळा आपल्या हातान केल्यान. काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, आणि तेका ह्या परीक्षेत पास कर रे म्हाराजा."

कोणीच काही बोललं नाही. साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाण्याचे जोडलेले हात सोडायचे नसतात. दाजींनी सोडले नाहीत.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. टेबलाखाली बुटांतून हळूच पाय बाहेर काढले आणि इकडेतिकडे न बघता हात जोडले.

"व्हय म्हाराजा," साहेब म्हणाले.