डोंगरावरून आलेला ओटीपी

कॉलेजात आम्हाला डिजिटल गोपनीयतेचा ऑनलाइन कोर्स होता. मी तो इतका मनापासून केला, की सुट्टीत पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीत आल्यावर घरोघरी जाऊन 'ओटीपी कुणाला सांगू नका' असं समजावत बसलो. त्या कोर्सची शेवटची परीक्षा सुट्टीतच आली. त्यात नापास झालो, तर वर्ष अडणार होतं.

वाडीत रेंज फक्त गोठ्याजवळ मिळते, म्हणून तिथे बसलो. पण लॉगिनचा ओटीपी आईच्या मोबाइलवर जायचा, कारण प्रवेश घेताना माझ्याकडे मोबाइल नव्हता. आई गुरं घेऊन समोरच्या डोंगरावर होती; तिथे उंचावर रेंज असते. फोन लावला की इंटरनेट तुटायचं, म्हणून मी हाक मारली.

आईने एकेक आकडा ओरडून सांगितला. मग म्हणाली, "कुणाला सांगू नका, असं पण लिवलंय रे! तुला सांगितला तर चालंल ना?"

खालच्या घरातून काकू ओरडली, "आम्ही नाय ऐकला गो!"

मी लाजेने असा गोंधळलो, की आकडे टाकेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. परीक्षा बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. शेवटी मी उभा राहिलो आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडलो, "आई, आता नवीन येईल, जरा मोठ्यानं सांग!"