फाटकासमोरची खुर्ची

फौजीकाका उजव्या कानामागे तळहात धरायचे, मान थोडी पुढे काढायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं बोला." मग समोर पोस्टमन असो, नाहीतर आमदाराचा माणूस.

त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली होती. डावा कान तोफांनी पुरता नेला होता, उजव्यात थोडंफार उरलं होतं. देवळाली कॅम्पच्या पुढे, सिन्नरच्या अंगाला आमचं गाव. निवृत्त झाल्यावर ते इथेच घर बांधून राहिले. बायको आधीच वारलेली, मुलगी पुण्याला. मी गावातली अंगणवाडी चालवते आणि त्यांचं घर अंगणवाडीला लागूनच होतं. मुलांच्या आरडाओरड्याची कधीच तक्रार न करणारा शेजारी मिळाला, याचं मला फार अप्रूप होतं.

आमच्या बचत गटाला सोलर ड्रायर त्यांनीच करून दिला. वेल्डिंग ते फौजेत शिकले होते. लोखंडी सांगाडा, वर काच, आत जाळीचे ट्रे. कांदा कापून पसरायचा, उन्हात वाळवायचा आणि नाशिकच्या मसालेवाल्याला द्यायचा. वीज नको, सरपण नको. सकाळी ते परेडची तपासणी करावी तसे ट्रे बघत फिरायचे. "हा काप जाड. हाही जाड. हा कोणी कापला? लायनीत उभा करा त्याला." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना ते ऐकू येत नसे, पण दिसत असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम तेच बोलायचे.

मग गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीच्या जागेवर टायरची भट्टी आली. जुने टायर बंद भट्टीत तापवून त्यातून तेल काढायचं, असा तो धंदा. पाटीवर हिरव्या अक्षरांत 'स्वच्छ इंधन' असं लिहिलेलं होतं. रात्री भट्टी पेटायची आणि सकाळी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, मुलांच्या नाकपुड्यांत काजळी असायची. ड्रायरच्या फटींतून ती आत शिरली. पांढऱ्या कांद्यावर काळे ठिपके. मसालेवाल्याने माल परत पाठवला.

अंगणवाडीत खोकला सुरू झाला तो थांबेचना. फौजीकाका रोज संध्याकाळी दारात येऊन एकच विचारायचे, "बाई, आज कोण खोकलं?" मी नावं सांगायचे. ते मान हलवून जायचे.

त्यांनी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तेव्हा भट्टीचा मॅनेजर त्यांच्या ओट्यावर आला. गोड माणूस. खुर्ची जवळ ओढून अगदी हळू आवाजात बोलायला लागला.

"मोठ्यानं बोला."

मॅनेजरने इकडेतिकडे बघितलं. आवाज जरा वाढवला.

"काय? मोठ्यानं बोला हो!"

"मी म्हणतो, शेठ तुम्हाला नवीन ड्रायर घेऊन देतील," मॅनेजर शेवटी ओरडलाच. "मोठा! तक्रार मागे घ्या म्हणजे झालं!"

सगळ्या आळीने ऐकलं. समोरच्या घरातली म्हातारी तर भाजी निवडायची थांबून दारात येऊन बसली. फौजीकाका म्हणाले, "आता ऐकू आलं. नको."

आम्ही त्यावर दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ड्रायरच्या सगळ्या काचा फुटलेल्या होत्या. ट्रेमध्ये कांद्याबरोबर काचांचा चुरा आणि दगड. कोणी केलं ते कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे कोणी सांगायला तयार नव्हतं. गटातल्या काहीजणींनी त्याच दिवशी येणं बंद केलं. फौजीकाका खराटा घेऊन काचा गोळा करत राहिले. मी सूप धरायला वाकले. आठवड्याभरात त्यांनी नव्या काचा बसवल्या आणि ड्रायर पुन्हा सुरू झाला.

मंडळाचे साहेब लोक तपासणीला आले त्या दिवशी भट्टी नेमकी थंडगार होती. आवार झाडून ठेवलेलं. ते गेले आणि संध्याकाळी पुन्हा धूर.

आता माझ्या घरातलं सांगायला हवं. माझा धाकटा दीर संतोष त्याच भट्टीवर कामाला होता. नाशिकला अंबडच्या कारखान्यातलं त्याचं कंत्राट संपलं होतं आणि घरात दोन लहान मुली. मी ड्रायरवर, तो भट्टीवर. एका ताटात जेवणारी माणसं, पण जेवताना कोणी कोणाकडे बघत नसे.

ग्रामसभेत भट्टीचा विषय निघाला तेव्हा संतोषच उठला. "काका, तुमच्या ड्रायरवर बायकांचं तेल-मीठ भागतं. माझं काय?"

फौजीकाकांनी हात कानामागे नेला. संतोष रागारागाने गर्दीतून पुढे आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "भट्टी बंद पडली तर माझ्या पोरींनी काय खायचं?"

फौजीकाकांनी कानामागचा हात खाली घेतला. म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण तुझं बरोबर आहे."

"बरोबर हाय म्हणून पोट भरत नाय काका," संतोष म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भट्टीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे प्लास्टिकची खुर्ची टाकली. वॉचमन हटकायला आला तर म्हणाले, "रस्ता सरकारी आहे, खुर्ची माझी आहे." सकाळी बसायचे ते ऊन उतरेपर्यंत. कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचे. हातमोजे दिलेत का? तोंडाला काही बांधायला दिलंय का? दुसरं कुठलं काम येतं? पोरं टाळायची, बिहारहून आलेला एक पोरगासुद्धा. संतोष तर मान वळवून आत जायचा.

मी डबा घेऊन गेले की त्यांच्यावर चिडायचे. "काका, तुम्ही भट्टीच्या विरोधात आहात की कामगारांच्या बाजूने?"

"बाई, भट्टी बंद झाली आणि ही पोरं उपाशी राहिली, तर मी नाही म्हणणार आपण जिंकलो."

एक बिननंबरची गाडी रोज त्या खुर्चीजवळ येऊन हळू व्हायची. एकदा तिने खुर्चीच्या पायाला घासून धक्का दिला. काका पडले, कोपर सोलला. उठले, खुर्ची हातभर मागे घेतली आणि पुन्हा बसले. आता काहीतरी वाईट होणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं. ते कोणावर येणार, एवढंच माहीत नव्हतं.

ते एका दुपारी आलं. अंगणवाडी सुटली होती, मी कुलूप लावत होते. आधी दणका बसला, मग काळा लोट वर गेला. मी धावले. मागाहून समजलं ते असं: भट्टी पुरती निवलेली नसताना मॅनेजरने झाकण उघडायला लावलं होतं. नवा ट्रक टायर घेऊन उभा होता. "अजून गरम हाय," असं संतोषने सांगितलं होतं. झाकण सैल झालं, आत हवा गेली आणि आतल्या वाफांनी पेट घेतला.

मी पोचले तेव्हा फाटक बंद होतं, आतून साखळी आणि कुलूप. पोरं बाजूच्या छोट्या दारातून खोकत बाहेर पडली होती, मॅनेजरही बाहेरच. लोक मोबाइल वर धरून उभे आणि मॅनेजर ओरडत होता, "शूटिंग करू नका! सगळे बाहेर आलेत!"

फौजीकाका बाहेर आलेल्या पोरांची तोंडं एकेक करून बघत होते. सकाळी आत गेलेला प्रत्येकजण त्यांनी खुर्चीतून पाहिलेला होता.

"संतोष कुठं आहे?"

एका पोराने धुराकडे बोट दाखवलं.

"आणि तो बिहारचा पोरगा?"

छोट्या दारातून आता नुसता धूर येत होता. रस्त्यावर कांद्याची ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर थांबला होता. काकांनी ट्रॉलीची पिन काढली आणि ट्रॅक्टरवाल्याला फाटक दाखवलं. त्याने हात जोडले. मग ते स्वतः चढले. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं म्हणेन, तोफेवरचा आवाज. "हटो! सब हटो!"

पहिल्या धडकेत फाटक वाकलं, दुसऱ्या धडकेत साखळी तुटली. ते तोंडाला ओला गमछा बांधून आत गेले. त्यांच्या मागून भट्टीवरचीच दोन पोरं गेली, जी रोज त्यांना टाळायची. मी उभी होते. देवाचं नावसुद्धा आठवेना.

आधी बिहारचा पोरगा आला, दोघांच्या खांद्यांवर. मग फौजीकाका, संतोषला काखेतून ओढत. संतोषच्या उजव्या हाताची कातडी लोंबत होती.

भट्टीला सील लागलं. मॅनेजर गावातून गेला. संतोषचा हात वाचला, पण दोन बोटं कायमची आखडली. दवाखान्यातून आल्यावर तो पहिल्यांदा काकांच्या ओट्यावर गेला. काय बोलले माहीत नाही. पण महिन्याभरात दोघं मिळून नवे ड्रायर जोडायला लागले. काका सांगायचे, संतोष करायचा, आणि भट्टीवरची दोन पोरं पत्रे कापायला यायची. सगळ्यांना काम पुरलं नाही. काही मुंबईला गेली. काकांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

त्यांच्या छातीत मात्र तो धूर बसला होता. चार पावलं चालले की धाप. अशात कळलं, त्याच शेठने वणीच्या रस्त्याला एका गावात नवी भट्टी उभी केली आहे. काका निघालेच. मी अडवलं, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"जोरात बोलायचं नाही म्हणालेत. हळू बोलेन."

संतोष मोटरसायकलवर त्यांना घेऊन गेला. तिथल्या मंदिराच्या पारावर काका दोन वाक्यं बोलले आणि खोकत खाली बसले. पुढचं संतोष बोलला. त्याने उजवा हात वर धरला तेव्हा मागच्या बायका पुढे आल्या, असं तो सांगत होता.

त्या थंडीत फौजीकाका गेले.

अंत्ययात्रेला पुण्याहून मुलगी आली, कॅम्पातून चार जुने जवान आले, गाव आलं. गर्दीच्या कडेला दोन अनोळखी बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं, सारखं खोकत होतं. वणीच्या रस्त्यावरच्या त्या गावाहून पहाटे निघून आल्या होत्या. त्यातली एक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा तर गेले. आता आमच्याकडं कोण येईल?"

संतोष नदीवरून परतला होता, डोक्यावरून पाणी निथळत होतं. त्याने ऐकलं.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "तिथं कामाला कोणकोण जातं, ती घरं आधी दाखवा मला."