सरदाराच्या कपाळावर न टिकलेलं कुंकू

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर इतकी वर्षं टर उडवत आलोय, की हे लिहिल्यावर तिथे तोंड दाखवायची सोय उरणार नाही. हरकत नाही, लिहितोच... कारण जे झालं ते भर दुपारी, सगळ्या गर्दीदेखत आणि चालू कॅमेऱ्यासमोर झालं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बुऱ्हाणपुरात, तापीच्या घाटावर, एका हिंदी सिनेमाचं शूटिंग लागलं. एका जुन्या सरदाराचं चरित्र. नाव सांगत नाही — त्याला देव मानणारे आणि राक्षस मानणारे, दोघेही हल्ली फार लवकर दुखावतात. इथून जवळच्या खकनारकडे मात्र वाद नाही. त्याने तिकडची गावं उभ्या कापसासकट जाळली, हे तिथे घरोघरी सांगतात. सिनेमात तो गरिबांचा कैवारी! म्हाताऱ्यांना मिठ्या मारतो, घोड्याशी बोलतो, आणि तोंड उघडलं की मागून वारा सुटून त्याची शाल उडते. वारा पंख्याचा.

दिग्दर्शक सावलीतही काळा चष्मा लावणारा. जाळपोळीचं विचारलं तर मला म्हणाला, "भाईसाब, हिस्ट्री नहीं, इमोशन!"

माझी थोरली बहीण मंगलताई नेपानगरला राहते. तिथल्या कॉलनीच्या गणपतीत तिने जन्मभर नाटकं केली. पडद्यावर एकदा आपला चेहरा मोठा दिसावा, एवढीच बाईची हौस. तिला एक प्रसंग मिळाला, आणि सोबतीला मी. जिंकून आलेला सरदार घोड्याचा लगाम धरून उभा, गावची बाई त्याला ओवाळते, कुंकू लावते आणि म्हणते, "आपकी वजह से हमारे चूल्हे जले."

मी फिस्सकन हसलो. ताईने डोळे वटारले.

पहिला शॉट. ताईने कुंकू लावलं... आणि ते पडलं. ओघळलं नाही, पुसलं गेलं नाही. टिकली सुटावी तसं आख्खं सुटून मातीत! कपाळ कोरं, साधा गुलाबी डागही नाही.

मग ओलं कुंकू झालं, मेणावरचं झालं. मेकअपवाल्याने मिशी चिकटवायचा डिंक आणला. मिशी घट्ट, कुंकू खाली. तेच कुंकू त्याने माझ्या कपाळावर लावून पाहिलं, तर साबणानेही निघेना.

हिरो वैतागून पगडी काढून खुर्चीत बसला. ताई म्हणाली, "इधर देख बेटा, तुझको लगाती." लावलं — टिकलं! टाळ्या पडल्या. मग ड्रेसवाल्याने पगडी चढवली, हिरो छाती फुगवून सरदार झाला... आणि कुंकू गळून पडलं. तो असा पांढरा पडला म्हणता! आख्ख्या सिनेमात त्याने केलेला तेवढाच काय तो अभिनय.

"आंटी का हाथ ठीक नहीं. दूसरी लाओ," दिग्दर्शक ओरडला.

ताईचा चेहरा एवढासा झाला. दुसरी आली. तिचंही पडलं. ऊन उतरायला लागलं तसा दिग्दर्शक गोड झाला. "आंटी, टीका कम्प्यूटर से डाल देंगे. आप बस अंगूठा लगाओ, लाइन बोलो. फुल क्लोजअप आपका!"

मी हळूच म्हटलं, "ताई, नको वाटत असेल तर चल घरी."

"घरी कायले? इतके वर्ष थांबली मी बापू. क्लोजअप तं घेतेच."

कॅमेरा सुरू झाला. ताईने ताट ओवाळलं, अंगठा कुंकवात बुडवला, सरदाराच्या कपाळापर्यंत नेला... आणि तसाच पुढे नेऊन घोड्याच्या कपाळावर ठसठशीत मळवट भरला! डोळ्यांत पाणी आणून वाक्यही घोड्यालाच म्हणाली. कुंकू टिकलं. घोडा फुरफुरला. उजेड संपला होता, घाटाची परवानगी त्या दिवसापुरतीच, दुसरा शॉट घेता येईना. तोच ठेवावा लागला.

सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा पडदाभर ताईचा चेहरा होता, आणि थेटरात शिट्ट्या पडल्या त्या घोड्यासाठी. दिग्दर्शक आता मुलाखतींत सांगतो की ते प्रतीक होतं, म्हणे त्यालाच सुचलेलं. मेकअपवाला म्हणतो, घामामुळे पडत होतं. मग घोड्याला काय घाम येत नाही?

ताईला विचारलं तर ती आरशात बघत केस सारखे करते. "मले काय ठाऊक? ज्याच्यावर टिकत होतं त्याले लावलं."